नाशिकशी काटकोनात

नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवर आहे आणि अंटार्क्टिकातलं ‘भारती’ हे आपलं संशोधन केंद्र दक्षिणेला ६९ अंश २४ मिनिटांवर. बेरीज केली तर नव्वदाला जेमतेम अर्धा अंश कमी पडतो. म्हणजे पंचवटीतला माणूस आणि भारतीवरचा माणूस एकाच वेळी ताठ उभे राहिले, तर ते एकमेकांशी काटकोन करून उभे असतात. नाशिककराच्या डोक्यावर जे आकाश, ते भारतीवरच्या माणसाला उत्तरेच्या क्षितिजाशी टेकलेलं दिसतं. दोघांमधलं अंतर पृथ्वीच्या घेराच्या चौथ्या हिश्श्याएवढं, म्हणजे जवळजवळ दहा हजार किलोमीटर.

आता रेखांश बघू. नाशिक ७३ अंश ४७ मिनिटांवर आहे. पणजी आणि वास्को जवळपास त्याच रेषेवर येतात. भारताच्या ध्रुवीय मोहिमांचा सगळा कारभार जिथून चालतो, ते राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र वास्कोच्या हेडलँड सडा भागात आहे, म्हणजे आपल्या सरळ दक्षिणेला. भारती त्या मानाने थोडी पूर्वेला, ७६ अंश ११ मिनिटांवर, बुलढाण्याच्या रेखांशावर. बुलढाण्याहून कुणी नाकासमोर दक्षिणेला निघाला, तर कोचीच्या आसपास तो समुद्राला लागेल आणि त्यानंतर त्याच्या पायाखाली जमीन येईल ती एकदम अंटार्क्टिकाची. सूर्याच्या हिशेबाने तर आपण आणि भारती शेजारीच राहतो. तिथे मध्यान्ह झाली की दहाएक मिनिटांत आपल्याकडेही होते.

पृथ्वीगोल, दोरा आणि कोनमापक एवढ्या सामग्रीवर सहावीतलं मूल हे सगळं काढू शकतं. ध्रुवीय क्षेत्रभेटींच्या या पुस्तिकेतली पहिली क्षेत्रभेट तीच आहे आणि तिला इंटरनेट लागत नाही. पुढच्या क्षेत्रभेटींना कमीअधिक लागतं. पण ‘ध्रुवीय विज्ञान वर्गात आणायचं’ म्हटल्यावर पहिला प्रश्न पडद्याचा आणि प्रोजेक्टरचा निघतो, तो जरा मागे ढकलावा म्हणून सुरुवात दोऱ्याने केली आहे.

राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. जाण्याआधी प्रश्नावली करा, वही न्या, होकायंत्र न्या, लोकांशी बोला, परत आल्यावर अहवाल लिहा, असं त्यात चांगलं सांगितलंय. प्रत्यक्षात एसटीची गाडी ठरते, गंगापूर धरण, फाळके स्मारक, जमलं तर तारांगण, डबे उघडतात, अंताक्षरी होते, आणि अहवाल बहुतेक वेळा आधीच्या वर्षीच्या अहवालावरून उतरतो. सहलीत मजा आली याबद्दल माझी तक्रार नाही, ती यायलाच हवी. प्रश्नावली मात्र बहुधा शाळेतच राहते. पडद्यावरच्या सहलीतही हेच होणार असेल तर दहा हजार किलोमीटर लांब जाण्याचा खटाटोप कशाला?

दूरच्या संशोधनस्थळी मुलांना पडद्यावरून नेण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९८५ साली रॉबर्ट बॅलर्ड यांच्या चमूला ‘टायटॅनिक’चे अवशेष सापडले. त्यानंतर अमेरिकेतल्या हजारो मुलांनी त्यांना पत्रं लिहिली, पुढच्या वेळी आम्हालाही न्या म्हणून. सगळ्यांना बोटीवर घेणं शक्य नव्हतं, तेव्हा १९८९ मध्ये बॅलर्ड यांनी ‘जेसन’ प्रकल्प सुरू केला आणि समुद्रतळावरची चित्रं उपग्रहामार्फत थेट मुलांसमोर आणली. १९९४-९५ च्या मोसमात ‘लाइव्ह फ्रॉम अंटार्क्टिका’ या मालिकेने अमेरिकन शाळा दक्षिण ध्रुवावरच्या शास्त्रज्ञांशी जोडल्या. पुढे ‘पोलर-ट्रेक’ उपक्रमाने एक पाऊल वेगळं टाकलं. त्यात शाळेतले शिक्षकच शास्त्रज्ञांबरोबर काही आठवडे बर्फावर जातात, तंबूत राहतात, नमुने गोळा करायला मदत करतात आणि तिथून आपल्या वर्गाशी बोलतात. मला हा प्रकार सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आपल्या बाई थंडीने कुडकुडताना दिसल्या की मुलांना तो प्रदेश खरा वाटू लागतो. नुसत्या पेंग्विनने ते होत नाही.

आपल्याकडे अशी गोष्ट अगदीच अनोळखी आहे असं समजू नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत चित्रित केली. भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी केलेला तो खटाटोप होता, पण जे डोळ्यांना दिसत नाही ते यंत्राच्या डोळ्याने काळ आखडून दाखवायचं, ही गोष्ट त्यात पुरी आली. आज अंटार्क्टिकातल्या पेंग्विन वसाहतींसमोर खांबांवर बसवलेले कॅमेरे वर्षभर ठरावीक वेळाने एकेक छायाचित्र घेत असतात. त्यांतले पेंग्विन, अंडी आणि पिल्लं मोजायचं काम ‘पेंग्विन वॉच’ या उपक्रमात जगभरचे हौशी लोक घरी बसून करतात. त्यात शाळेतली मुलंही असतात. तंत्र फाळक्यांचंच आहे. पुण्यात १९८४ साली उभी राहिलेली ‘बालचित्रवाणी’ २०१७ मध्ये बंद झाली, पण दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम बघत एक पिढी वाढली. आणि नाशिकमध्ये तर १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. वर्गाच्या भिंतीबाहेर शिकणं या गावाला नवं नाही.

पडद्यावरची सहल म्हणजे खऱ्या सहलीची गरिबी, असं पुष्कळ शिक्षकांना वाटतं आणि त्यांचं बरंचसं बरोबर आहे. ब्रह्मगिरी पडद्यावर दाखवणं हा मुलांवर अन्याय आहे. तासाभरात तिथे पोचता येतं, आणि पायऱ्या चढताना लागणारी धाप कुठल्याही चित्रफितीत नसते. ध्रुवांचं तसं नाही. तिथे आपल्यापैकी कुणीच जाणार नाही. जे जातात त्यांनाही तिथलं फार थोडं डोळ्यांनी दिसतं, ही गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. अंटार्क्टिकाचं क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पंचेचाळीस पट. त्यावरचा बर्फ सरासरी दोन किलोमीटर जाड, काही ठिकाणी साडेचार किलोमीटरहून जास्त. त्याखालची जमीन, डोंगर, तळी कुणी पाहिलेली नाहीत. विमानातून रडारचे तरंग सोडून, त्यांचे प्रतिध्वनी ऐकून नकाशे काढलेत. बर्फाखालचा समुद्र यंत्रांनी चाचपलाय. म्हणजे ध्रुवीय शास्त्रज्ञसुद्धा आपल्या विषयाकडे पडद्यावरूनच पाहत असतो. वर्गातल्या मुलीत आणि त्याच्यात फरक एवढाच की पडद्यावरची रेघ कुठून आली, ती कितपत खरी मानायची, हे त्याला ठाऊक असतं. तेवढं मुलीला समजलं तर सहल सार्थकी लागली.

जागेवर न जाता ध्रुवाचा विचार करण्याची एक थोर मराठी परंपराही आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध केलं. आर्यांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं हा त्यांचा सिद्धान्त आज अभ्यासक मानत नाहीत, आणि वर्गात तो इतिहास म्हणून शिकवायचं काहीच कारण नाही. पण ध्रुवावर सूर्य कसा फिरेल, पहाट किती दिवस रेंगाळेल, तारे मावळण्याऐवजी डोक्याभोवती कसे गरगरतील, याचं त्यांनी केलेलं गणिती वर्णन वाचून बघावं. पुण्यात बसून, पंचांगाच्या ज्ञानावर, या माणसाने ध्रुवीय आकाश मनात उभं केलं होतं. निष्कर्ष चुकला, आकाश बरोबर होतं. मोठ्या वर्गातल्या मुलांना या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवणं हा उत्तम तास होईल.

प्रत्यक्ष जाणं आपल्या देशाच्या वाट्याला आलं १९८१ साली. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी ६ डिसेंबरला गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या बोटीने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. मोहीम गुप्त ठेवली होती. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिलं केंद्र उभं राहिलं आणि बारा जणांनी तिथे पहिला हिवाळा काढला. ते केंद्र होतं समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड पटावर. वर्षागणिक बर्फ साचत गेला, केंद्र गाडलं जाऊ लागलं आणि दशक संपेपर्यंत ते सोडून द्यावं लागलं. तोवर शिर्माखर ओअॅसिसच्या उघड्या खडकावर ‘मैत्री’ बांधून झालं होतं. २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर ‘भारती’ आली. १३४ मालवाहू कंटेनर जोडून त्यांभोवती आवरण घातलेली ही इमारत आहे. मैत्रीपासून ती सुमारे तीन हजार किलोमीटर दूर आहे, हे मुलांना नकाशावर दाखवावंच. ‘अंटार्क्टिकातली आपली दोन केंद्रं’ म्हटलं की ती शेजारीशेजारी असल्यासारखी वाटतात. उत्तरेला स्वालबार्डमध्ये २००८ पासून ‘हिमाद्री’ आहे आणि स्पितीत २०१६ पासून ‘हिमांश’. ही नावं आपल्या मुलांना उच्चारायला सोपी आहेत. ध्रुवीय शिक्षणाचं बहुतेक साहित्य परदेशी केंद्रांवर बेतलेलं असल्याने आपल्याकडच्या शिक्षकालाही अमेरिकेचं मॅकमर्डो ठाऊक असतं आणि मैत्री नसतं. या पुस्तिकेत तो क्रम उलटा ठेवलाय.

तिसऱ्या मोहिमेतल्या एका नावावर जरा थांबायला हवं. डॉ. आदिती पंत. जन्म १९४३, नागपूर. औंधच्या पंत घराण्यातल्या, मुत्सद्दी आप्पासाहेब पंतांच्या कन्या. पुण्यात बी.एस्सी. करत असताना अॅलिस्टर हार्डी यांचं ‘द ओपन सी’ हे समुद्रातल्या सूक्ष्म जीवांवरचं पुस्तक त्यांच्या हाती पडलं आणि समुद्रविज्ञानच करायचं असं त्यांनी ठरवलं. हवाई आणि लंडनला शिकून त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. डिसेंबर १९८३ मध्ये भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या अंटार्क्टिकाला गेल्या. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेतून जाणाऱ्या या पहिल्या दोन स्त्रिया. पंतांचं काम होतं तिथल्या समुद्रातल्या अन्नसाखळीच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म वनस्पतींवर. हा तपशील इतक्यासाठी दिला की पुण्यात, समुद्रापासून लांब, एका पुस्तकाने या बाईंना समुद्रात नेलं. पडद्याबद्दल मी फार कडक बोलतो असं कुणाला वाटलं, तर त्यांनी हे उदाहरण माझ्याविरुद्ध वापरावं.

आता पुस्तिकेचा गाभा. माझं म्हणणं एवढंच आहे की ध्रुवीय क्षेत्रभेटीला जाणाऱ्या वर्गाने स्वतःचं काहीतरी मोजून न्यावं. हात हलवत गेलेला वर्ग चाळीस मिनिटं बघतो आणि टाळ्या वाजवतो. स्वतःचे आकडे घेऊन गेलेला वर्ग प्रश्न विचारतो.

डिसेंबरची सावली घ्या. २१ किंवा २२ डिसेंबरला ठीक मध्यान्ही शाळेच्या मैदानात एक मीटर उंचीची काठी उभी करा. नाशिकला सूर्य तेव्हा साडेशेहेचाळीस अंशांवर असतो, सावली पडते सुमारे ९५ सेंटिमीटर, उत्तरेकडे. त्याच दिवशी भारतीवर मध्यान्हीचा सूर्य चव्वेचाळीस अंशांवर असतो आणि तशाच काठीची सावली पडते १०३-१०४ सेंटिमीटर, दक्षिणेकडे. फरक वीतभरही नाही! मुलांनी आधी आपली सावली मोजावी, मग तिथली किती असेल याचा अंदाज वहीत लिहावा, आणि मगच आकडा सांगावा. बहुतेक मुलं कितीतरी लांब सावली लिहितील, कारण ‘तिथे सूर्य तिरपा असतो’ हे त्यांनी पाठ केलेलं असतं. शिवाय तिथे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. मध्यरात्रीही तो दक्षिणेला क्षितिजाच्या वर तीनेक अंशांवर असतो. वातावरणाच्या माथ्यावर दिवसाकाठी पोचणारी ऊर्जा मोजली, तर डिसेंबरात ती नाशिकपेक्षा भारतीवर जास्त भरते. मग तिथे बर्फ कसा?

या प्रश्नावर वर्ग दोन दिवस घालवू शकतो. ताजा हिम अंगावर आलेल्या उन्हातलं ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतो, हे उत्तर शेवटी सांगायचं. तेसुद्धा एक पांढरा आणि एक काळा कागद उन्हात ठेवून, खाली तापमापी सरकवून. मग कुणीतरी विचारतं की बर्फ वितळून खालचं काळं पाणी उघडं पडलं तर काय होईल. ते मूल हवामानबदलाच्या प्रश्नाच्या दारात आपल्या पायांनी पोचलेलं असतं. आपण फक्त दार उघडायचं.

थंडीचंही तसंच. निफाडला दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा वर्तमानपत्रात छापून येतो, आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. अंटार्क्टिकात व्होस्तोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. हा आकडा मुलं चवीने पाठ करतात, पण त्याचा त्यांच्या अंगाशी संबंध नसतो. त्यापेक्षा हे सांगावं की भारतीवर डिसेंबर-जानेवारीत पारा शून्याच्या आसपास असतो. निफाडची सर्वांत गार पहाट आणि भारतीची उबदार दुपार यांच्यात फार अंतर राहत नाही. ओझर-पिंपळगावच्या मुलाला ती थंडी ठाऊक आहे. त्याच्या वडिलांनी तिच्यापायी रात्र जागून काढलेली आहे.

मोजून ठेवण्याचं महत्त्व सांगायला ओझोनच्या विवराइतकी चांगली गोष्ट नाही. हॅली या ब्रिटिश केंद्रावर १९५७ पासून डॉब्सन नावाच्या उपकरणाने डोक्यावरचा ओझोन मोजत होते. वर्षानुवर्षं तेच उपकरण, तीच वही, विशेष काही घडत नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ऑक्टोबरचे आकडे घसरू लागले. जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी ते पुन्हापुन्हा तपासले आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. उपग्रहांनाही ती घट दिसली होती, पण इतके कमी आकडे संशयास्पद म्हणून बाजूला पडले होते. दोन वर्षांत माँट्रिअल करार झाला आणि ओझोन घटवणारे शीतकपाटांतले, फवाऱ्यांतले वायू हळूहळू बंद झाले. आपल्या हवामान विभागाची माणसं मैत्रीवरून फुगे सोडून ओझोनच मोजत आली आहेत, आणि नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था तिथल्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवते. या कामात थरार नाही. पण वही चुकवायची नाही, हे मुलांना कळायला हवं.

नाशिकच्या मुलांना अशा नोंदीचं एक प्रत्यक्ष रूप माहीत असतं. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पूर आला की पाणी मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, या भाषेतच गाव बोलतं. १९६९ चा पूर, २००८ चा, २०१६ चा, २०१९ चा, सगळे जुन्या नाशिककरांना मारुतीच्या अंगावर मोजलेले आठवतात. अंटार्क्टिकातला बर्फाचा गाभा म्हणजे असाच एक साक्षीदार. दरवर्षीचा हिम थरावर थर साचतो, दाबाखाली त्याचा बर्फ होतो आणि त्यावेळची हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. ‘डोम सी’ इथे तीन किलोमीटरहून खोल छिद्र घेऊन काढलेल्या गाभ्यात गेल्या आठ लाख वर्षांची हवा सापडली. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत १७० ते ३०० च्या मध्ये राहिला. आज तो ४२० च्या वर आहे. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय चमूने त्याच भागात बारा लाख वर्षांहून जुन्या बर्फापर्यंत मजल मारली. हा बर्फ जागेवर थांबत नाही, सरकत असतो. त्यावर मुलांना एक शंका हमखास येते, बर्फ तर घट्ट, मग तो जागेवरून हलतो कसा? घट्ट दिसणारा एवढा मोठा थर स्वतःच्या वजनाने काकवीसारखा पसरत, सरकत समुद्राकडे जातो. त्याच सरकण्यामुळे गाभा कुठे खणायचा हे ठरवायला शास्त्रज्ञांना वर्षं लागतात.

दगडांच्या बाबतीत नाशिककरांनी थोडं नमतं घ्यावं. आपल्या पायाखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भारताने अंटार्क्टिकाची साथ सोडली ती त्याच्याही कितीतरी आधी. त्यामुळे पांडवलेणीचा दगड अंटार्क्टिकाला कधी भेटलेलाच नाही. तो मान विदर्भाचा. कामठीच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मरण पावले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते, आणि त्यांत याच वनस्पतीचे जीवाश्म होते. उपाशी, गारठलेल्या माणसांनी ते ओझं टाकून दिलं नाही. भारत आणि अंटार्क्टिका ज्यात एकत्र होते त्या गोंडवन खंडाचं नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलंय आणि त्याचा एक पुरावा त्या घसरगाडीवर होता. या क्षेत्रभेटीसाठी नागपूर-चंद्रपूरच्या एखाद्या शाळेशी जोडी जमवावी. त्यांनी पानाचा ठसा दाखवावा, आपण कातळ दाखवावा. अंटार्क्टिकाला जायच्या आधी विदर्भात जाऊन यावं.

पावसाचा संबंध शिक्षकांनी जपून सांगावा. ध्रुवावर बर्फ वितळला म्हणून इगतपुरीला ढगफुटी झाली, अशी सरळ रेघ कुणी ओढू नये. गोव्याच्या ध्रुवीय केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आर्क्टिकच्या कारा समुद्रातला बर्फ घटणं आणि मध्य भारतात सप्टेंबरात होणारी अतिवृष्टी यांच्यात संबंध असू शकतो, असं मांडलंय. ‘असू शकतो’ हे शब्द मुलांना फळ्यावर लिहून द्यावेत. विज्ञान असं बोलतं, हेही त्यांनी ऐकायला हवं.

साधनांबद्दल थोडं रोखठोक. डोळ्यांवर लावायचे आभासी वास्तवाचे चष्मे घेऊन शाळांत फिरणारे विक्रेते वाढलेत. मुलगा पाच मिनिटं ‘अरे बापरे’ म्हणतो, चष्मा पुढच्याच्या डोळ्यांवर जातो, चक्कर येते, तास संपतो. बहुतेक चित्रफितींत पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल एकाच बर्फावर नांदताना दिसतात, त्याचं तर विचारूच नका. त्या पैशांत तापमाप्या घ्याव्यात. संशोधकाशी साधा फोनवरचा संवाद, आवाज थोडा उशिरा पोचत असला तरी, कितीतरी जास्त देऊन जातो. मुलं विचारतात तेही साधंच असतं. पाणी कुठून आणता? भांडणं होतात का? संडासाचं काय करता? शेवटच्या प्रश्नावर शिक्षकांनी डोळे वटारू नयेत. १९९१ च्या माद्रिद कराराने अंटार्क्टिकात काय सोडायचं आणि काय उचलून परत न्यायचं याचे कडक नियम घातले. बाहेरून नेलेले कुत्रेसुद्धा १९९४ पर्यंत तिथून हलवावे लागले. २०२२ मध्ये आपल्या संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. यानंतर एखादं मूल गोदावरीबद्दल विचारेल. उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या आश्रमशाळांतून एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: फोनला रेंज नाही, पावसाळ्यात वीज नाही, कसली क्षेत्रभेट? त्यांच्यासाठी पुस्तिकेत टपालाची क्षेत्रभेट आहे. १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्रीवर भारताने टपाल कार्यालय उघडलं, ते गोव्याच्या टपाल विभागाला जोडलेलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये भारतीवरही कार्यालय सुरू झालं, आणि त्याला प्रायोगिक पिनकोड मिळाला एमएच-१७१८. टपाल खात्याच्या लेखी अंटार्क्टिका महाराष्ट्र परिमंडळात येतं! पत्राला उत्तर येईपर्यंत महिने जातील, कदाचित मोसम उलटेल. पण बोटीची वाट बघणं हा ध्रुवीय जीवनाचा जुना भाग आहे, आणि त्या मुलांच्या हाती जो शिक्का पडेल तो शहरातल्या कुठल्याही शाळेच्या पडद्यावर येणार नाही.

भाषेची अडचण खरी आहे. पलीकडचा संशोधक केरळचा असेल, बंगालचा असेल. तो हिंदी किंवा इंग्रजी बोलेल. प्रश्न मुलांनी मराठीतच लिहावेत, शिक्षकांनी ते आधी गोव्याला पाठवावेत आणि संवादाच्या वेळी आपण दुभाष्या व्हावं. इंग्रजीत प्रश्न पाठ करून आलेली मुलगी उत्तर ऐकत नाही, आपली पाळी संपल्याचा सुस्कारा टाकते.

शेवटी वेळापत्रक. उन्हाळी मोहीम आपल्या नोव्हेंबर ते मार्चमध्ये असते. तेव्हा दिवस मोठा आणि माणसं कामात बुडालेली, त्यामुळे डिसेंबरात त्यांच्याकडून फक्त सावलीचा आकडा मागावा. बोलायचं ते जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शाळा उघडल्या उघडल्या. भारतीवर तेव्हा सूर्य उगवत नाही, दुपारी उत्तरेला थोडा वेळ संधिप्रकाश दिसतो एवढंच. हिवाळ्यासाठी मागे राहिलेल्या मोजक्या माणसांना बाहेरच्या आवाजाची ओढ असते. आपल्याकडे मृगाचे ढग आलेले असतात आणि सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही. ‘तुमच्याकडे किती दिवस झाले?’ हा पहिला प्रश्न ठेवावा आणि स्वतःच्या वहीतला आकडा हाताशी ठेवावा, कारण पलीकडून तोच प्रश्न उलट येणार.